ढोलकी आणि लेखणी : शाहीर अण्णाभाऊ साठे

मी इतिहास शिकवतो ते महाविद्यालय पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्यात आहे. आमची पुष्कळशी मुले सकाळी वर्गात बसतात आणि दुपारच्या पाळीला चाकणकडे जातात. कुणी सुटे भाग जोडतो, कुणी मालाच्या पेट्या मोजतो. त्यांतल्या एकाला गिटारचा नाद आहे. गेल्या पावसाळ्यात तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पंक संगीताचा इतिहास तुमच्या विषयात बसतो का हो?”

मी म्हटले, “बसवला तर बसेल. तू आधी सांग, पंक म्हणजे काय?”

त्याने सांगितले ते थोडक्यात असे. १९७५-७६च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांत काही तरुण पोरांनी ठरवले की गाण्यासाठी उस्ताद व्हायची गरज नाही. तीन सूर वाजवता आले की पुरे. आवाज खरखरीत असला तरी चालेल, पण गाणे आपले असले पाहिजे आणि त्यात आपल्या गल्लीतले खरे बोलले पाहिजे. मोठा प्रकाशक नसला तर आपणच कागद छापायचे आणि वाटायचे. १९७७ साली त्यांतल्या एका टोळीचे राणीवरचे गाणे बी.बी.सी.ने वाजवायला नकार दिला, तरी ते खपायचे ते खपलेच. त्यांच्यातली पॅटी स्मिथ नावाची बाई मुळात कवयित्री. तरुणपणी कारखान्यात काम केलेली. १९७५ साली तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि पुढे २०१०मध्ये तिच्या आठवणींच्या पुस्तकाला अमेरिकेतला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. “गाणारी आणि लिहिणारी, दोन्ही एकच बाई, सर. आपल्याकडे असं कुणी नाही.”

त्याचे शेवटचे वाक्य मला लागले. मी विचारले, “तू राहतोस कुठे?” म्हणाला, “निगडीत.” मग मी म्हटले, “अरे, रोज तू ज्या पुतळ्यावरून जातोस, तो कुणाचा आहे?”

तो हसला. पुतळा अण्णाभाऊ साठे यांचा. निगडीतल्या त्या चौकात दर १ ऑगस्टला मोठी गर्दी जमते, हार पडतात, कर्णे लागतात. नाव त्याला ठाऊक होते आणि जयंतीची तारीखही पाठ होती. पण हा माणूस वाजवत काय असे, गात काय असे आणि त्यातून लेखक कसा झाला, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. शाळेत सांगितले असेल तर दोन ओळींत. तेच आज जरा सविस्तर सांगावे म्हणतो.

अण्णाभाऊंचे पाळण्यातले नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यात होता, आता सांगली जिल्ह्यात आहे. वडील भाऊराव, आई वालुबाई. जात मांग. ही जात इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या यादीत घातली होती. १८७१ सालच्या त्या कायद्याचा अर्थ असा की मूल जन्मले तेच संशयित म्हणून. गावच्या चावडीवर हजेरी द्यायची, न सांगता गाव सोडायचा नाही. हा कायदा देशभरातून उठला तो १९५२ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ‘फकिरा’ कादंबरीत जी हजेरी येते ती लेखकाने कल्पनेने रचलेली नाही.

शाळेचे म्हणाल तर दीड दिवस! पहिला दिवस पुरा आणि दुसरा अर्धा. मास्तरांशी खटका उडाला आणि पोराने शाळेला राम राम ठोकला. आपण शिक्षक मंडळी ही गोष्ट भाषणात मोठ्या कौतुकाने सांगतो, ‘दीड दिवस शाळेत गेले आणि केवढे साहित्य लिहिले’ म्हणून. मला त्यात कौतुकापेक्षा आपली नामुष्की जास्त दिसते. एवढ्या बुद्धीचे पोर शाळेला दीड दिवसापलीकडे धरून ठेवता आले नाही, हा त्या पोराचा पराक्रम कसा म्हणायचा? असो.

१९३१-३२च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी मुंबईस निघाले आणि गेले ते पायी. गाडीभाडे कुठले? वाटेत मिळेल ते काम करायचे आणि पुढे सरकायचे. पुण्याहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता चिंचवड, आकुर्डी, निगडीवरूनच घाटाकडे जातो. तेव्हा इथे कारखान्याचे धुराडे नव्हते, ज्वारी-बाजरीची शेते होती. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५०नंतरचा, आणि औद्योगिक वसाहती १९६०नंतरच्या. आज ज्या पट्ट्यात सांगली-सातारा, बीड-लातूरची माणसे पोट भरायला येतात, त्याच मुलखातून पोटासाठी निघालेली अशी कितीतरी कुटुंबे डोक्यावर गाठोडे घेऊन पुढे गेली असतील. माझे वडीलही असेच वारणाकाठचे गाव सोडून इथल्या एका कारखान्यात लागले. त्यामुळे हा भाग वाचताना मी जरा थांबतो, एवढेच.

मुंबईत या पोराने काय नाही केले! हमाली केली, फेरीवाल्यामागे कापडाचे गाठोडे वाहिले, बुटांना पॉलिश केले, घरगडी म्हणून राबला, गिरणीत झाडू मारला. अक्षरे शिकला ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून. एकेक अक्षर ओळखत, जोडत, वाचायला लागला. गिरणगावात तेव्हा कामगार चळवळ जोरात होती. संपाच्या सभा, लाल झेंडे, भिंतीवर लिहिलेल्या घोषणा, हेच त्याचे दुसरे वाचन. पुढे गिरणीतले काम सुटले आणि कुटुंब पुन्हा वाटेगावी आले.

इथे त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा वळसा येतो. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. अण्णाभाऊ त्यात शिरले. पेटी शिकले, ढोलकी शिकले, तुणतुणे हातात घेतले, सोंगे केली. फडात नट आजारी पडला तर त्याचे काम दुसऱ्याने करायचे, ढोलकीवाला रुसला तर ढोलकी आपण ओढायची. त्यामुळे फडात वाढलेल्या माणसाला सगळेच थोडे थोडे येते. आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक कधी कंटाळतो, कुठल्या शब्दाला टाळी येते आणि कुठल्या शब्दाला माणूस विडी पेटवतो, हे त्याला बरोबर कळते. ही विद्या एम. ए.च्या वर्गात मिळत नाही. मी एम. ए. आहे म्हणून खात्रीने सांगतो.

१९४२च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटला. अण्णाभाऊही त्यात ओढले गेले, मागे वॉरंट लागले आणि ते पुन्हा मुंबईत आले. माटुंग्याच्या लेबर कँपात राहू लागले. तिथे त्यांनी रचलेले पहिलेवहिले गाणे कशावर असावे? क्रांतीवर नाही, रशियावर नाही. ते होते कँपातल्या डासांवर! रात्रभर फोडून काढणारे डास. ऐकणाऱ्याच्या अंगावर त्या डासांच्या गांधी असणारच, म्हणजे गाणे कळायला वेगळा अर्थ सांगावा लागत नव्हता. माझा गिटारवाला विद्यार्थी इथे खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, “सर, हे तर अगदी पंकच!” मी म्हटले, “थांब जरा, पुढे ऐक.”

१९४३च्या सुमारास त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. व्होल्गा नदीच्या काठचे ते शहर जर्मन फौजेपुढे कसे टिकले, ही हकीकत त्यांनी शाहिरी ढंगात घातली. वाचणाऱ्याला वाटेल, परळच्या गिरणी कामगाराला स्टालिनग्राडचे काय? पण पोवाडा म्हणजे वेढ्याची आणि लढ्याची गोष्ट. ती ऐकायला मराठी कान तयार असतो. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालातलाच. आमच्या चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला, ही गोष्ट इकडच्या पोराला आजी सांगते. त्याच कानाने कामगारांनी स्टालिनग्राड ऐकले. डफ तोच, तुणतुणे तेच, मागे ‘जी जी’ म्हणणारे झीलकरी तेच. वेढा तेवढा दुसऱ्या देशातला.

१९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख बार्शीचे, जन्म १९१६चा, मूळ नाव मेहबूब पटेल. त्यांचा आवाज डोंगरावर जावा असा. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी सभेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. गव्हाणकर लिहिणारे आणि गाणारे. अण्णाभाऊ लिहिणार, वाजवणार, सोंग वठवणार. या त्रिकुटाने बंगालच्या दुष्काळावर गाणी केली, अमळनेरच्या गोळीबारातल्या हुतात्म्यांवर पोवाडा केला, फाळणीच्या दंग्यांवर केला. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, शेतकऱ्यांच्या परिषदेत, बोलावतील तिथे हे कलापथक जाई.

आता मुख्य मुद्दा. तमाशाचा साचा खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गोपी. मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी हा साचा मोडला नाही, पण आतले सामान बदलले. गणात गणपतीऐवजी मायभूमीला, शिवाजी महाराजांना, जनतेसाठी मेलेल्या हुतात्म्यांना वंदन आले. बायांची वाट अडवण्याचा गौळणीतला खेळ त्यांनी काढून टाकला. वगात राजा-प्रधान गेले आणि सावकार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहिलेला शेटजी, गिरणीचा मालक हे आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही १९४५-४६च्या आसपासच्या वगांची नावेच पाहा. नावातच सोंगाड्या उभा आहे.

वरवर पाहता ही लहान दुरुस्ती वाटते, पण तसे नाही. पहिले वंदन कुणाला करायचे, हे ठरवणे म्हणजे पंक्तीत पहिले पान कुणाचे मांडायचे हे ठरवणे. शेकडो वर्षे ज्या महार-मांगांनी तमाशा जगवला, ज्यांच्या घरच्या बायांनी त्यात नाचून पोट भरले, त्यांच्यातलाच एक माणूस उभा राहून सांगत होता की या मंचावर आता आमच्या कष्टाला आधी नमस्कार होईल. सभ्य समाजाने तमाशा पाहिला होता तो अंधारात, उपरणे तोंडावर घेऊन. अण्णाभाऊंनी तो दिव्यात आणला.

स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्ट १९४७ रोजी, हे स्वातंत्र्य गरिबाचे नाही असे म्हणत त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. त्या म्हणण्याशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. माझ्या वर्गात दरवर्षी यावर वाद होतो आणि मी तो होऊ देतो. मात्र याच काळात मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आणली, मग सुधारणा समिती नेमली आणि पुढे वगाची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत पडली. फडांच्या पोटावर पाय आला. लाल बावट्याच्या खेळांमागे तर पोलिसांचा ससेमिरा होताच. ‘लोकनाट्य’ हा शब्द मराठीत रुळला तो याच धामधुमीत, आणि तो रुळवण्यात अण्णाभाऊंचा वाटा मोठा आहे. नाव बदलले आणि ज्यांनी कालपर्यंत नाक मुरडले, ती मंडळी तिकीट काढून पुढच्या रांगेत येऊन बसली. शब्दाची गंमत अशी असते!

त्यांच्या दोन रचनांविषयी थोडे जास्त बोलतो. एक ‘मुंबईची लावणी’. त्यांच्या आधी पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी केली होती. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे, म्हणजे अण्णाभाऊंच्याच वाळवा तालुक्यातले. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला म्हणून गाजलेले. त्यांनी पाहिली ती मुंबई श्रीमंतीची आणि थाटाची. अण्णाभाऊंनी तोच लावणीचा बाज घेतला आणि फोरास रोड, गिरण्या, फूटपाथवर झोपणारी माणसे दाखवली. एकाच तालुक्यातले दोन शाहीर, एकच शहर आणि दोन लावण्या. शिक्षकबंधूंना सुचवावेसे वाटते की या दोन्ही एकाच तासाला शेजारी ठेवून शिकवा. इतिहासाचा असा तास पुस्तकातून मिळणार नाही.

दुसरी ‘माझी मैना गावावर राहिली’. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही छक्कड. पोटासाठी मुंबईस आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, असा तिचा वरचा अर्थ. आतला अर्थ असा की मराठी माणसाचा मुलूख तुटला, बेळगाव-कारवार, डांग-उंबरगाव बाहेर राहिले. १९५६ ते १९६० या काळात शिवाजी पार्कच्या सभांत ती हजारो माणसांनी ऐकली. १ मे १९६० रोजी राज्य झाले, मुंबई मिळाली, सीमाभाग राहिला. राजकारण आता जुने झाले. पण वरचा अर्थ काही जुना झाला नाही. चाकणला एका खोलीत पाच-सहा जण राहतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला निजतो आणि बायको-पोरे गावी असतात. मैना अजून गावावरच आहे.

यानंतर अण्णाभाऊ लेखणीकडे जास्त वळले. कलापथकातले सवंगडी पांगले, चळवळीतही मतभेद झाले. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत, पत्रा तापतो आहे, पाऊस गळतो आहे, अशा जागी त्यांनी वीसेक वर्षे काढली आणि तिथेच लिहिले. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, नाटके, प्रवासवर्णन. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने!—पाहा, मीही शेवटी तेच वाक्य म्हणालो.

१९५९ साली ‘फकिरा’ निघाली. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पण डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस. १९६१मध्ये तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. फकिरा हा वाटेगावच्या मातीतला खरा माणूस. अण्णाभाऊ जन्मले तेव्हा इंग्रजांचा खजिना लुटून येणाऱ्या फकिराने बाळाच्या घरी ओंजळभर रुपये टाकले, अशी हकीकत साठ्यांच्या घरात सांगितली जाई. कादंबरीत फकिराचा बाप राणोजी गावासाठी दुसऱ्या गावची जोगणी आणतो आणि मारला जातो. मुलगा फकिरा दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्याचे कोठार फोडतो, सरकारी खजिना लुटतो, आणि अखेर आपल्या माणसांना सरकारने डांबले म्हणून स्वतः हजर होतो.

‘फकिरा’ मोठ्याने वाचून पाहा. हा माझा वर्षानुवर्षांचा प्रयोग आहे. मनात वाचली तर काही जागा भडक वाटतात आणि वाक्ये आखूड वाटतात. मोठ्याने वाचली की ती वाक्ये श्वासाच्या मापाची आहेत हे कळते. एका दमात जेवढे म्हणता येते तेवढेच वाक्य. मग थांबा, जिथे डफावर थाप पडावी तिथे. मग पुन्हा उचल. घोडा धावताना वाक्ये धावतात, पोलीस पाटलाच्या वाड्यासमोर उभे राहिले की वाक्ये उभी राहतात. ही कादंबरी लिहिणाऱ्याचा हात ढोलकीवरून आलेला आहे. एका विद्वानाने मला विद्यार्थिदशेत सांगितले होते, “साठे शाहीर म्हणून थोर, पण कादंबरीकार म्हणून बाळबोध.” मी तेव्हा मान हलवली. आज हलवणार नाही. ती कादंबरी चार माणसांत बसून ऐकायची आहे, हेच त्या विद्वानांच्या ध्यानात आले नव्हते. आपणही पुतळ्याखाली ‘लोकशाहीर’ आणि ‘साहित्यरत्न’ असे दोन शब्द शेजारी लिहितो आणि दोन निरनिराळी माणसे असल्यासारखे वागतो. गाणे कलापथकाकडे, पुस्तक अभ्यासमंडळाकडे!

कथांत मला सर्वांत जवळची ‘स्मशानातील सोनं’. वारणाकाठचा भीमा नावाचा दांडगा गडी मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि लहान मुलगी. हिंडता हिंडता एका राखेच्या ढिगात त्याला सोने सापडते. मढ्याच्या अंगावर राहिलेले सोने. मग तो रोज रात्री मसणात जाऊन राख उकरू लागतो, प्रेते उकरू लागतो. एका रात्री मढ्यासाठी कोल्ह्यांशी झुंज होते, आणि शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण सुरू झाली. कामासाठी जो हात हवा, तोच गेला.

आमच्या भागात कंत्राटी कामगाराला सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात. हा शब्द इथे बायाबापड्यांच्याही तोंडी आहे. “पोराला ब्रेक मिळालाय” म्हटले की त्या घरात काय चालले असेल ते शेजाऱ्याला कळते. ही कथा मी वर्गात वाचली, त्या दिवशी मागच्या बाकावरचा, वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “सर, खाण आठ दिवस आधी चालू झाली असती तर?” कथेवरचे इतके नेमके बोलणे मी समीक्षेच्या पुस्तकात वाचलेले नाही.

१९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले आणि पृथ्वी शेषाच्या नव्हे, तर कष्टकऱ्यांच्या हातावर तोललेली आहे असा विचार मांडला. १९६१ साली ते रशियास जाऊन आले, त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे लेखन रशियन भाषेत आधीच गेले होते, त्यामुळे तिकडे त्यांना ओळखणारी माणसे भेटली. सिनेमावाल्यांनीही त्यांच्या कथा घेतल्या. १९६१चा ‘वैजयंता’, १९६३चा ‘फकिरा’, मृत्यूनंतरचा १९७०चा ‘वारणेचा वाघ’. पैसा मात्र लेखकाच्या झोपडीपर्यंत फारसा आला नाही. अखेरच्या काळात सरकारकडून गोरेगावला लहानसे घर मिळाले. तिथे १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. वय पन्नासही नव्हते. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. एका पावसाळ्यात दोन आवाज थांबले.

पुढे मानसन्मान पुष्कळ झाले. २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२२मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला.

हे सगळे ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे सर, आपल्याकडे पंक तीस वर्षं आधीच झालं होतं.” मी म्हटले, पुरते तसे नाही. लंडनच्या पोरांना जुने संगीत फेकून द्यायचे होते. अण्णाभाऊंनी जुने फेकले नाही, डफ-तुणतुण्यातून नवे काढले. त्या पोरांतल्या काहींनी फाटके कपडे हौसेने घातले होते. चिरागनगरातले दारिद्र्य हौसेचे नव्हते. तेवढा फरक सोडला, तर परवानगी न मागता गाणे, आणि आपल्याच माणसांच्या भाषेत लिहिणे, हा धागा एक आहे. त्याला हे पटले की नाही, ठाऊक नाही. गिटार त्याने सोडली नाही, सोडूही नये.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. अण्णाभाऊंच्या रचना छापील मिळतात, पण चाली कागदावर उतरलेल्या नाहीत. त्या माणसांच्या गळ्यात आहेत आणि ती माणसे म्हातारी होत आहेत. आमच्याकडून नाशिक रस्त्याने चाकण ओलांडून पुढे गेले की नारायणगाव लागते. भाऊ-बापूंचे आणि विठाबाईंचे नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. तिथल्या एखाद्या जुन्या ढोलकीवाल्याला विचारले तर तो वगाची चाल अजून काढून दाखवतो. आमच्या कामगार वस्त्यांतही अशी माणसे आहेत, फक्त विचारणारे कुणी नाही.

गेल्या १ ऑगस्टला निगडीला मी त्या मुलाबरोबर गेलो होतो. कर्ण्यांचा गलका चालला होता. बाजूला झाडाखाली एक निवृत्त कामगार बसले होते, शिराळ्याकडचे. त्यांच्या पायाशी पिशवी आणि पिशवीत तुणतुणे. मी विचारले, “बाबा, ‘मैना’ येते का?” ते म्हणाले, “आवो सर, येती की! पर ह्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?” मुलाने त्यांना चौकापासून जरा लांब, एका बंद दुकानाच्या पायरीवर नेले. त्यांनी तार जुळवली आणि पहिलीच ओळ जी उचलली, ती मी आजवर म्हणत आलो होतो त्याहून बरीच संथ होती. शेवटचा शब्द ते लांबवत होते आणि झीलकऱ्याची वाट पाहत थांबत होते. दोनदा थांबले. तिसऱ्या वेळी त्या मुलाने मोबाइल पायरीवर चालू ठेवला आणि मागून ‘जी जी’ धरले.